कच्चा मसुदा

मृत्युपत्र तयार नाही म्हणून कोणी मरायचे थांबले, असे माझ्या ऐकिवात नाही. आमचे बाबा हा बहुधा पहिलाच अपवाद. ते वकीलसाहेबांसाठी चौदा महिने थांबले.

त्याचे असे झाले. बाबांचे कंपनीतले एक जुने सोबती वारले. तेराव्याचे जेवण उरकून बाबा घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "लाडू बरे होते. पण मुलं एकमेकांशी बोलत नव्हती." मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता. "मला विल करायचंय," ते म्हणाले.

आमच्याकडे या एका कागदाला चार नावे आहेत. बाबा 'विल' म्हणतात, कारण त्यांची नोकरी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये झाली आणि तिथे महत्त्वाचा कागद म्हटला की तो इंग्रजीतच असायचा. आमची ही 'इच्छापत्र' म्हणते, कारण दुसरा शब्द तिन्हीसांजेला उच्चारू नये असे तिच्या आईने तिला सांगितलेले आहे. वकीलसाहेब 'मृत्युपत्र' म्हणतात आणि शेजारचे साईं 'वसीयत'. मी पडलो बी.कॉम. माणूस. शाळेत शिकलेल्या व्याकरणाप्रमाणे 'विल' हे भविष्यकाळाचे क्रियापद, एवढेच मला ठाऊक होते. वकीलसाहेबांचा अनुभव घेतल्यावर तोच अर्थ बरोबर असल्याची खात्री पटली.

आता बाबांची इस्टेट म्हणाल, तर फार नाही. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बँकेत (माझ्याच) काही मुदतठेवी, आईच्या चार बांगड्या, एक गोदरेजचे कपाट आणि एक स्कूटर. स्कूटर चालत नाही, पण ती भंगारात द्यायचा विषय काढला की बाबाही चालायचे थांबतात.

उल्हासनगरातल्या घराविषयी मात्र बाहेरच्या माणसाला थोडे समजावून सांगावे लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा दिली गेली, आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. लष्कर गेले, कॅम्प राहिले, एक ते पाच. बराकींच्या जागी घरे आली, घरांच्या जागी इमारती उठल्या, आणि त्या इतक्या भराभर उठल्या की परवानगी मागायला कोणाला सवडच झाली नाही. शेवटी अनधिकृत बांधकामे अधिकृत करून घेण्यासाठी २००६ साली सरकारला खास या एका शहरापुरता कायदा करावा लागला. आमची इमारत त्या कायद्याच्या नक्की कोणत्या बाजूला पडते, यावर सोसायटीच्या सभेत दर वर्षी चर्चा होते आणि चहा आला की थांबते. अशा घराचे मृत्युपत्र करायचे म्हणजे आधी घर आहे हे सिद्ध करा, मग ते बाबांचे आहे हे सिद्ध करा, आणि मग ते बाबांचे राहणार नाही याची व्यवस्था करा.

वकीलसाहेबांचे ऑफिस साडीच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. माणूस अतिशय सज्जन. संथ माणसात जे जे सद्गुण असतात ते सगळे त्यांच्यात आहेत. ते रागावत नाहीत, उलटून बोलत नाहीत, प्रत्येक वेळी चहा मागवतात, आणि गेल्या खेपेला काय ठरले ते विसरत असल्यामुळे दर भेटीत तितक्याच उत्सुकतेने आपली हकीकत ऐकतात. पहिल्याच भेटीत त्यांनी अर्धी फी आगाऊ घेतली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत बाबांना म्हणाले, "आजोबा, काळजी सोडा. आठ दिवसांत ड्राफ्ट देतो."

ते आठ दिवस म्हणजे ब्रह्मदेवाचे असावेत. आधी टायपिंग करणारा मुलगा बहिणीच्या लग्नाला गावी गेला. तो परत आला तेव्हा कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मृत्युपत्राचा आणि कोर्टाच्या सुट्टीचा संबंध काय, असे मी विचारले तर ते म्हणाले, "मनःस्थितीचा." पावसाळ्यात छप्पर गळून फाईल भिजली. ती वाळेपर्यंत गणपती आले, आणि गणपती गेले तो पितृपक्ष लागला. मला वाटले, या कामाला यापेक्षा योग्य पंधरवडा पंचांगात सापडायचा नाही. पण त्या पंधरवड्यात नवे काम हातात घ्यायचे नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज निघाला. "अहो, पण हे नवं कुठंय? कितीतरी महिने झाले," मी म्हणालो. "सुरू कुठं झालंय अजून?" ते म्हणाले. वकील माणसाशी वादात जिंकणे कठीणच.

मी चिडलो असतो. पण माझी अडचण अशी, की मी बँकेत काउंटरवर बसतो. एके दिवशी रांगेतून पुढे सरकत वकीलसाहेबच माझ्या खिडकीशी आले. त्यांच्या केवायसीचे काहीतरी अडले होते. मी स्क्रीनकडे बघितले आणि सवयीने म्हणालो, "सिस्टिम स्लो आहे. उद्या या." सिस्टिम खरोखरच स्लो होती, हे मी देवाची शपथ घेऊन सांगतो. वकीलसाहेब काही बोलले नाहीत, नुसते गोड हसले. दोन एकाच पेशाची माणसे परक्या गावात भेटल्यावर हसतात तसे.

तेव्हा मी स्वतःच कायदा वाचायला घेतला. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा आहे आणि मृत्युपत्राच्या बाबतीत तो आमच्या वकीलसाहेबांपेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहे. स्टँपपेपर लागत नाही. साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेले चालते. नोंदणी केली तर उत्तम, नाही केली तरी अडत नाही. दोन साक्षीदारांनी मात्र समोर सह्या करायला हव्यात. ज्याला त्यातून काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये ही शहाणपणाची रीत. आणि माणूस शुद्धीवर असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते, जे शेवटचे ते खरे.

हे सगळे मी बाबांना उत्साहाने सांगितले. वर आल्फ्रेड नोबेलचे उदाहरण दिले. एवढा मोठा माणूस, पण १८९५ साली पॅरिसमध्ये वकिलाची मदत न घेता त्याने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिले, आणि त्यातून ती जगप्रसिद्ध पारितोषिके निघाली.

"निघाली कधी?" बाबांनी विचारले.

"१९०१ साली."

"आणि तो गेला कधी?"

"१८९६."

"म्हणजे पाच वर्षं भांडण चाललं असणार," बाबा म्हणाले. चाललेच होते. नातेवाईक नाराज होते, आणि कागदात ज्या संस्थांवर जबाबदारी टाकली होती त्यांना कोणी आधी विचारलेलेही नव्हते. बाबांनी एका फटक्यात माझा नोबेल परत घेतला आणि स्वतःचे टिळक पुढे केले.

ताई महाराज प्रकरण हा बाबांचा आवडता विषय आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज १८९७च्या ऑगस्टमध्ये अंथरुणाला खिळले, अगदी शेवटच्या घटकेला मृत्युपत्र केले, आणि विश्वस्तांमध्ये टिळकांचे नाव घातले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटून आलेले. स्वतःच्या मागे एवढे लचांड असताना मित्राच्या शब्दाखातर त्यांनी हे दुसरे घेतले. पुढे दत्तकावरून सरदारांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांच्याशी बिनसले. दिवाणी झाली, फौजदारी झाली. टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप आला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली, ती १९०४ साली हायकोर्टाने रद्द केली. मधल्या मध्ये मंडालेची सहा वर्षे होऊन गेली. आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने शेवटचा निकाल दिला तो १९१५ साली. "करायला काही तास, निस्तरायला अठरा वर्षं," बाबा म्हणाले. "आणि टिळक स्वतः एल्एल.बी. होते. तू नुसता बी.कॉम. लागू दे वकिलाला वेळ."

यावर मला बोलता आले नाही, कारण बाबांपेक्षा वाईट गोष्टी मी रोज बँकेत बघतो. मयत खातेदारांचे दावे माझ्या टेबलावर येतात. धाकटा मुलगा नॉमिनेशनचा कागद हुकमाच्या एक्क्यासारखा टाकतो, "माझं नाव आहे, पैसे माझे." मग मी त्याला समजावतो, की बाबा रे, नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे तो माणूस. पैसे कोणाचे, हा प्रश्न निराळा. तो माझ्याकडे असा बघतो, जणू मीच ते खाणार आहे. हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तोही मराठी घरातूनच. ज्यांनी १९७३ साली कालनिर्णय सुरू केले त्या जयंतराव साळगावकरांच्या पश्चात शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबत हाच मुद्दा निघाला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले, की नॉमिनी हा मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतोच. आता २०२५च्या नोव्हेंबरपासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येऊ लागले. म्हणजे पूर्वी मी एका माणसाला समजावत होतो, आता चौघांना समजावायचे.

इथवर सगळे ठीक होते. लोकांची भांडणे मी काचेच्या अलीकडून बघत होतो. पण बाबांनी वकीलसाहेबांना पहिल्या दिवशी काय सांगितले, ते मी अजून तुम्हाला सांगितलेले नाही. मुद्दामच नाही.

बाबा म्हणाले होते, "घर मुलाला. बांगड्या मुलीला. ठेवी दोघांत."

मी शेजारीच बसलो होतो. मी "नको" म्हणालो नाही. "बाबा, तुम्हाला योग्य वाटेल ते," असे म्हणालो. हे वाक्य फार भारदस्त आहे, पण ज्याला मिळणार असते तोच ते म्हणतो. ज्याला मिळणार नसते तो वेगळे वाक्य बोलतो.

आणि खरोखर, वाटायला आधारही होता. आई गेल्यापासून अकरा वर्षे बाबा आमच्याकडे, म्हणजे आम्ही बाबांकडे आहोत. औषधे, पथ्य, डोळ्यांचे ऑपरेशन, रात्रीचे उठणे, सगळे आम्ही करतो. 'आम्ही' म्हणजे ही करते. ताई बदलापूरला असते. रविवारी येते, बाबांच्या आवडीची अळूवडी आणते, त्यांच्याजवळ बसते, संध्याकाळची लोकल पकडून जाते. मी कॉमर्सचा माणूस, मनातल्या मनात खातेवही मांडली. जमेला आमची अकरा वर्षे, ताईच्या नावावर रविवार. हिशेब स्पष्ट होता. वकीलसाहेबांनी आठ दिवसांत ड्राफ्ट दिला असता, तर तो तसाच स्पष्ट राहिला असता.

पण त्यांनी दिला नाही, आणि कार्तिकातल्या एका रात्री बाबांच्या छातीत दुखू लागले.

हॉस्पिटलच्या त्या बाकड्यावर पहाटे तीनला मी बसलो होतो. आत बाबांना ऑक्सिजन लावलेला. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावे? देव यावा, आई यावी, निदान बिल यावे. माझ्या मनात आले, 'ड्राफ्ट झाला नाही.'

मी इकडेतिकडे बघितले. कोणी ऐकले नव्हते. पण एकदा मनात आलेले वाक्य परत पाठवता येत नाही. पुढचा हिशेबही डोक्याने आपण होऊनच करून टाकला. मृत्युपत्र नसेल तर १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा, मुलगा आणि मुलगी सारखे, म्हणजे निम्मे घर ताईचे. वकीलसाहेब जितके दिवस लावत होते, तितके दिवस ताईचा हिस्सा शाबूत होता. आणि मी चौदा महिने जिना चढून जी घाई करत होतो, ती बाबांसाठी करत होतो अशी माझी समजूत होती.

साडेपाचला ताई आली. पहिल्या लोकलने निघाली होती. थर्मासमध्ये तांदळाची पेज. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काही खाल्लंस का?" तेव्हा खातेवहीतले एक जुने पान आपोआप उलटले. मी बी.कॉम.ला होतो त्या वर्षी कंपनीत संप झाला होता आणि बाबा घरी होते. ताईने कॉलेज सोडले आणि वर्षभर बाजारातल्या एका दुकानासाठी घरी बसून शर्टांना बटणे लावली. माझी फी त्यातून गेली. ही नोंद मी कधी केलीच नव्हती. आता ती कुठल्या बाजूला मांडायची, किती वर्षांच्या व्याजाने, हे कुठल्याच पुस्तकात शिकवलेले नाही. आमची अकरा वर्षे आणि तिची बटणे यांचा दर काय? ताळेबंद जुळत नाही तेव्हा आम्ही बँकेत फरक 'सस्पेन्स' खात्यात टाकतो. घरात तसे खाते नसते. किंवा कदाचित घर हेच ते खाते असेल.

बाबा चौथ्या दिवशी घरी आले. रात्री मी हिला सगळे सांगितले, बाकड्यावरचे वाक्यसुद्धा. ती भाजी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मला घर नको. ताईंना द्या अर्धं, पुरं द्या. पण अकरा वर्षं मी केलं, हे कुठंतरी कुणीतरी लिहून ठेवावं, असं मात्र वाटतं." मला वाटते, वारसांच्या भांडणात निम्मी भांडणे याचीच असतात. माणसे खोल्यांसाठी भांडतात असे दिसते, पण त्यांना हवी असते पोच. आणि पोच देणारा तर गेलेला असतो. (बँकेत तरी मागितली की लगेच स्टँप मारून देतो आम्ही. सिस्टिम स्लो असली तरी.)

मार्गशीर्षात, म्हणजे चौदाव्या महिन्यात, ड्राफ्ट आला. अकरा पाने. बाबांनी भिंग घेऊन वाचायला सुरुवात केली. पाचव्या पानापर्यंत त्यांना त्यांच्या शुद्धीवर असल्याचे चार वेळा सांगून झाले होते. सहाव्या पानावर ते थांबले.

"अरे, आपल्याकडे म्हशी कधी होत्या?"

होत्या. कलम नऊप्रमाणे बाबांच्या मालकीच्या तीन दुभत्या म्हशी आणि एक पारडू होते, गोठ्यासह. मुरबाडकडच्या कोणा अशिलाचे मृत्युपत्र उतरवून घेताना टायपिंगच्या मुलाने आमचे घर बदलले, म्हशी तशाच ठेवल्या. मी फोन उचलला. बाबा म्हणाले, "थांब. कुणाला दिल्यात ते तर बघू." म्हशी कोणालाच दिलेल्या नव्हत्या. ती जागा कोरी होती.

बाबा इतके हसले की हिने पाणी आणले. मग पेला हातात धरून ते म्हणाले, "म्हशींचा न्याय सोपा आहे. जो धार काढतो, त्याची म्हैस." आणि हिच्याकडे बघितले. ही एकदम आत गेली. बाबा पाणी प्यायले. "पण वासरू होतं तेव्हा वैरण कुणी घातली, तेही बघायला पाहिजे," ते म्हणाले, या वेळी माझ्याकडे बघून. ताईच्या बटणांचे त्यांना आठवत असेल असे मला कधी वाटले नव्हते. मी म्हणालो, "बाबा, घर दोघांच्या नावावर करा." म्हणताना घसा कोरडा पडला, हेही सांगून टाकतो. औदार्य म्हणून हे खपवायचा माझा विचार नाही.

"तुला कोण विचारतंय?" बाबा म्हणाले. "विल माझं आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नातवाच्या वहीतली मधली पाने फाडून घेतली आणि शेजारच्या साईंना आणि आमच्या डॉक्टरांना बोलावले. मला बाजारात कांदे आणायला पाठवले. घरात कांदे होते. मी परत आलो तेव्हा डॉक्टर चहा पीत होते आणि साईं डोळे पुसत होते. मी घाबरून काय झाले विचारले. "कुछ नहीं," साईं म्हणाले. "हमारे दादाजी ने भी बनाई थी वसीयत, शिकारपूर में. रजिस्टर की हुई, पक्की. हवेली उधर रह गई, वसीयत इधर आ गई. पिताजी ने वही कागज संभालकर रखा, बराक में." मग बाबांकडे वळून म्हणाले, "लेकिन उसमें दादाजी ने सब बच्चों के बारे में एक-एक लाइन लिखी थी. वो काम आई."

बाबांचे पाकीट आता गोदरेजच्या कपाटात, आईच्या शालूखाली आहे. किल्ली त्यांच्या जानव्याला. आत काय आहे ते मला माहीत नाही. हिने विचारलेले नाही, ताईला तर काहीच ठाऊक नाही. ती रविवारी अळूवडी घेऊन आली, तेव्हा मी तिला पहिल्यांदाच स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. "आज काय विशेष?" तिने विचारले. "कांदे आणायचेत," मी म्हणालो.

परवा वकीलसाहेबांचा फोन आला. आवाजात खरा पश्चात्ताप होता. म्हणाले, "आजोबांना सांगा, म्हशी काढून टाकतो. आठ दिवसांत फायनल देतो."

मी निरोप सांगितला. बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"त्यांना म्हणावं, सावकाश होऊ द्या," ते म्हणाले. "आणि म्हशी राहू देत."